डोळ्यांत पाणी आले, पण नेमके कुठे?

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला लघुपट पाहिला आणि त्यासोबतचा तुझा लेखही वाचला. दिग्दर्शकाचा हा पहिलाच लघुपट असल्यामुळे आपल्या हातून त्याच्यावर अन्याय होऊ नये, ही तुझी काळजी वाक्यावाक्यांत जाणवते आणि ती मला मनापासून आवडली. मात्र ‘हृदयस्पर्शी’, ‘काळजाला हात घालणारा’, ‘निःशब्द करणारा’ ही तू वापरलेली विशेषणे तुझी अवस्था सांगतात; त्या सोळा मिनिटांत पडद्यावर काय घडले, हे त्यांतून कळत नाही. रसग्रहण आपल्या भावनेपासूनच सुरू होते, परंतु ती भावना कोणत्या क्षणी आणि कशामुळे जागी झाली, याचा माग काढल्याशिवाय ते पुढे सरकत नाही.

सर्वप्रथम विषय बाजूला काढून ठेव. स्मृती हरवत चाललेले वडील आणि त्यांना एकटीने सांभाळणारी मुलगी, एवढे दोन ओळींत सांगितले तरी कित्येकांचा गळा दाटून येईल; ज्यांनी आपल्या घरात असे कोणी पाहिले आहे, त्यांचा तर नक्कीच. हे श्रेय दिग्दर्शकाचे नव्हे, ते विषयाबरोबर आयते आले आहे. तेव्हा स्वतःला असे विचार, की हीच हकीकत कोणी फोनवर सांगितली असती तर जे आपल्याला मिळाले नसते, असे या लघुपटात काय आहे?

माझ्या मते ते नवव्या मिनिटाच्या सुमारास आहे. मुलीने कपाटांवर, खणांवर, दारांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत. वडील त्यांतली एक चिठ्ठी ओढून काढतात आणि आता ते चिडून ती फाडणार, असे आपल्याला वाटते. ते ती त्याच जागी परत लावतात, फक्त या वेळी सरळ लावतात आणि तिच्या कडा अंगठ्याने दाबून बसवतात. आठवणी गेल्या तरी जन्मभराचा नीटनेटकेपणा हातांत शिल्लक आहे, हे एकही संवाद न वापरता आपल्यापर्यंत पोहोचते. पटकथेत ही फार तर एक ओळ असेल. पण ती सुचण्यासाठी माणसांकडे बराच काळ पाहत बसावे लागते.

लगेच पुढे दारात उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा येतो. त्याविषयी तू ‘तिच्या डोळ्यांत वेदनेचा महासागर दिसतो’ असे लिहिले आहेस. तेवढा भाग आवाज बंद करून पुन्हा पाहा. ती अभिनेत्री तिथे जवळजवळ काहीच करत नाही, आणि तेच योग्य आहे. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने १९२० च्या आसपास एक प्रयोग केला होता. इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या भावशून्य चेहऱ्याचे एकच दृश्य त्याने कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला, तर कधी एका स्त्रीच्या दृश्याला जोडले. आणि चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना त्यात वेगवेगळे भाव दिसले, असे नोंदवले गेले आहे. तुला दिसलेला महासागरही बराचसा तूच त्या चेहऱ्यात ओतला आहेस, आणि तुला तो ओतता यावा अशी जागा संकलनाने मोकळी ठेवली आहे. तो चेहरा अपेक्षेपेक्षा चार सेकंद अधिक पडद्यावर राहतो. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, धरल्या तर या ९६ चौकटी झाल्या. त्या कापून टाकाव्यात की ठेवाव्यात, यावर संकलनाच्या टेबलावर नक्कीच वाद झाला असणार.

एकदा डोळे मिटून नुसता ध्वनीही ऐक. कमी पैशांत केलेल्या लघुपटांत पहिला फटका बहुधा ध्वनीला बसतो, कारण चांगले चित्र आता साध्या कॅमेऱ्यानेही मिळते, पण खोलीतला आवाज स्वच्छ टिपायला वेगळे कसब लागते. इथे चिठ्ठीच्या प्रसंगात संगीत नाही, फक्त पंख्याची घरघर आणि कागद सुटतानाचा बारीक आवाज आहे. याउलट शेवटी मुलगी स्वतःच्या कपड्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावून वडिलांसमोर उभी राहते, तेव्हा व्हायोलिनचा पूर लोटतो. तुला रडू आले ते या जागी. ते खोटे होते असे मी म्हणत नाही. पण चिठ्ठीची कल्पना तोवर आपल्याला पुरती कळलेली असताना दिग्दर्शकाने ती अधोरेखित केली आणि वर संगीतही ओतले. प्रेक्षकावरचा त्याचा विश्वास नेमका तिथे डळमळला. हे तू लिहायला हवेस, आणि नवव्या मिनिटावर सविस्तर लिहिल्यानंतर लिहायला हवेस, म्हणजे जो संयम तू मागतो आहेस तो त्याच्याकडे आहे, हे वाचणाऱ्यालाही दिसेल.

‘पहिल्याच प्रयत्नाच्या मानाने उत्तम’ हे वाक्य मात्र काढून टाक. त्यात कौतुकापेक्षा सवलतच जास्त आहे. ‘उद्या हा दिग्दर्शक पूर्ण लांबीचा चित्रपट करेल’ हेही तसेच. जणू लघुपट म्हणजे केवळ उमेदवारीचा काळ. जर्मनीतील ओबरहाउजेनला १९५४ पासून लघुपटांसाठीच महोत्सव भरतो, आणि ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतच्या चित्रपटांसाठी स्वतंत्र विभाग आहेत. लांबी कमी असल्यामुळे पात्रांचा भूतकाळ सांगायला इथे वेळच नसतो, तो वस्तूंमधून आणि हालचालींमधूनच यावा लागतो. अंगठ्याने दाबलेल्या त्या कडांचे मोल म्हणूनच मोठे आहे. पूर्ण लांबीच्या चित्रपटात कदाचित ती एक सुंदर पण विसरण्याजोगी खूण ठरली असती. पहिलेपणाबद्दल लिहायचेच असेल तर एकच घर, खिडकीतून येणारा उजेड आणि दोनच पात्रे या मर्यादा त्याने कशा वापरल्या, ते लिही.

अभिनयावरचा तुझा परिच्छेद ठीक आहे, त्याला हात लावू नकोस. दुसरा मसुदा रविवारपर्यंत पाठवलास तर मी सवडीने वाचेन. त्यात संकलकाचे नाव अवश्य घाल. पहिल्या मसुद्यात सगळे श्रेय दिग्दर्शकाच्याच पदरात पडले आहे. श्रेयनामावली फार भरभर सरकते, तेव्हा चित्र थांबवून नावाचे ऱ्हस्व-दीर्घ तपासून घे.

सप्रेम,
तुझा शिक्षक