गाठीचा 'रक्तपुरवठा वाढला' म्हणावं का?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आईच्या मानेतल्या गाठीच्या सोनोग्राफी रिपोर्टात 'इन्क्रीज्ड व्हॅस्क्युलॅरिटी' लिहिलंय. त्यांनी घरी 'गाठीचा रक्तपुरवठा वाढलाय' असं सांगितलं, तर आई म्हणाली, "मग बरंच झालं की!" नेमकं काय म्हणावं?

आईंना तसं वाटणारच. हृदयाचा, पायाचा रक्तपुरवठा कमी झाला की आपण धास्तावतो आणि सुधारला की सुटकेचा श्वास टाकतो. 'पुरवठा' म्हटलं की हवं ते हव्या जागी पोचलं, असंच मनात येतं. म्हणून 'गाठीत रक्तवाहिन्या जास्त दिसतात' असं म्हणा. डॉपलरच्या, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर लाल-निळे रंग उमटतात, त्यांचंच हे वर्णन. ते निदान नव्हे; नुसत्या सुजेतही असं दिसू शकतं.

आणि गाठ कर्करोगाची असली, तरी वाहिन्या आणि पुरवठा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. अशा गाठीला एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार अमेरिकन सर्जन जूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. पण या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. दाटी भरपूर, तरी रक्त आतवर धड पोचत नाही. ऑक्सिजन कमी पडला की रेडिएशनचा परिणाम घटतो, केमोचं औषधही सगळीकडे सारखं जात नाही. अशा गाठीला 'रक्तपुरवठा चांगला' म्हणणं मला अजिबात पटत नाही.

'नव्या रक्तवाहिन्या फुटतात' हेही टाळा. पालवी फुटते ते ठीक, पण रक्तवाहिनी फुटली म्हटलं की घरच्यांच्या काळजात धस्स होतं. 'तयार होतात' म्हणा.

या वाहिन्यांचा आयुष्याशी संबंध आहे, पण सरळसोट नाही. त्यांची वाढ रोखणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध केमोसोबत दिल्यावर आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात रुग्णांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं. त्यावर २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगात मात्र आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, आणि त्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता २०११ मध्ये काढून घेतली गेली. तेव्हा रिपोर्टातल्या या दोन शब्दांवरून आईंच्या आयुष्याचा हिशोब कुणीही मांडू नये.

आईंना एवढंच सांगा: "गाठीत रक्तवाहिन्या जास्त दिसल्यात. ती कसली आहे ते अजून कळलेलं नाही. सुईची तपासणी लागेल का, ते डॉक्टरांना विचारू."