रोज पन्नास शब्द? नको रे बाप्पा!

भाऊ, रोज इंग्रजीचे पन्नास शब्द पाठ करून राहिला म्हणतोस, आठवड्यात सारे उडून जातील. त्यापेक्षा आपला नागपूरचा १९११ पासूनचा इंग्रजी पेपर 'हितवाद' घे, बर्डीवर (सीताबर्डीत) तर्री-पोहे खाता खाता अग्रलेखातले तीनच शब्द उचल. तेही शेजाऱ्यासकट: नुसतं 'मिटिगेट' नाही, 'मिटिगेट द रिस्क', म्हणजे धोका कमी करणं. मी एका मुलाखतीत ऐटीत 'मिटिगेट अगेन्स्ट' ठोकलं होतं. हवं होतं 'मिलिटेट अगेन्स्ट', म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणं. समोरचे साहेब नुसते हसले.

इडियमला मराठी जोडी शोध, पण फरकही बघ. 'उंबराचं फूल' आपण क्वचित दिसणाऱ्या माणसाला म्हणतो, 'वन्स इन अ ब्लू मून' क्वचित घडणाऱ्या गोष्टीला. आणि मुसळधार पावसासाठीचं ते 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' सोड, शाळेच्या निबंधाबाहेर फारसं कोणी वापरत नाही.