इंग्लंडात पटकथा शिकवायला निघालेल्या मुलीला

प्रिय पोरी,

तुझी मेल परवा मिळाली. मँचेस्टर, ब्रॅडफर्ड, न्यूकॅसल, ब्रिस्टल आणि शेवटी लंडन. पायाला भिंगरी बांधूनच निघायचं आहे तुला. सोबत पाठवलेला आराखडा दोनदा वाचला. पाचही गावांत तेच व्याख्यान, त्याच स्लाइड्स, कथेचे तीन अंक दाखवणारी तीच आकृती. तो आराखडा बाजूला ठेव असं मी सांगणार आहे, म्हणून हे पत्र लांबणार.

तीन अंक, पहिलं वळण, मध्यबिंदू हे सगळं तिथल्या कुणालाही पुस्तकात वाचायला मिळतं. त्यासाठी सुट्टीचा शनिवार मोडून कुणी कार्यशाळेला येत नाही. माणसं येतात ती मनात एखादी गोष्ट घेऊन, आणि बहुतेकांच्या मनात त्या गोष्टीबद्दल एक धास्ती असते. आपल्या गल्लीतली, आपल्या बोलीतली ही गोष्ट पडद्यावर शोभेल का? इंग्लंडात ही धास्ती फार खोलवर आहे. तिथे माणसानं तोंड उघडलं की त्याचं गाव आणि त्याचा वर्ग, दोन्ही समोरच्याला लगेच कळतात. वर्ग हा शब्द मी सामाजिक स्तर या अर्थानं वापरते आहे, आणि तो विसरून तुला तिथे पटकथा शिकवताच येणार नाही.

न्यूकॅसलला कुणी स्वतःचा सीन वाचायला उभा राहील आणि वाचताना नकळत आवाज सपाट करेल, बातम्या देणाऱ्यासारखा. त्याला प्रेमानं थांबव. "घरी जसं बोलता तसं वाचा," म्हण. पहिल्या ओळीला तो लाजेल, तिसऱ्या ओळीपासून सीन जिवंत होईल आणि खोलीतले बाकीचे सरसावून बसतील. आपल्याकडे हे तू पाहिलेलंच आहेस. विदर्भातून पुण्याला आलेला मुलगा घरातल्या भांडणाचा सीन प्रमाण मराठीत लिहितो आणि त्यातला बाप हेडमास्तरासारखा बोलायला लागतो. तिथला न्यूनगंड आणि इथला न्यूनगंड अगदी सारखा नसेल, पण तो ओळखण्याचा कान तुझ्याकडे आहे. तुझं खरं भांडवल तेच.

म्हणून प्रत्येक गावात त्या गावचं उदाहरण घेऊन जा. मँचेस्टरला लागूनच सॅल्फर्ड आहे. तिथली शीला डिलेनी १९ वर्षांची असताना, १९५८ मध्ये, तिचं पहिलं नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलं. 'अ टेस्ट ऑफ हनी'. १९६१ च्या चित्रपटाची पटकथा तिनं दिग्दर्शक टोनी रिचर्डसनबरोबर लिहिली, आणि चित्रीकरण सॅल्फर्ड-मँचेस्टरच्या खऱ्या रस्त्यांवर, कालव्याकाठी झालं. 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिकाही याच परिसराच्या बोलीतून उभी राहिली. ती डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे.

ब्रॅडफर्डला मात्र जास्त वेळ दे. तिथे बटरशॉ नावाची सरकारी घरांची वस्ती आहे. अँड्रिया डनबर तिथलीच. १५ व्या वर्षी शाळेच्या कामासाठी तिनं नाटक लिहायला घेतलं, ते १९८० मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला झालं. पुढे स्वतःच्या नाटकांवरून तिनं चित्रपटाची पटकथा लिहिली, तो १९८७ मध्ये आला. १९९० मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी, ती गेली. तिचे संवाद वर्गात मोठ्यानं वाचून घे. तिच्या नाटकांतल्या पोरी शिव्या देतात, विनोद करतात, एकमेकींना तोडून बोलतात आणि स्वतःच्या दुःखाची व्याख्या कधीच सांगत नाहीत. कुठल्याही पुस्तकातल्या 'संवाद' प्रकरणापेक्षा ते एक पान जास्त शिकवतं. शिवाय आज ब्रॅडफर्डच्या वर्गात पंजाबी आणि उर्दू घरात बोलणारी मुलंही असतील. आई पंजाबीत विचारते, मुलगा त्या भागाच्या, म्हणजे यॉर्कशायरच्या, इंग्रजीत उत्तर देतो. त्यांना सांग, सीन तसाच लिहा. कोण कुठल्या भाषेत बोलतं यातच नातं दिसतं. युनेस्कोनं २००९ मध्ये जगातलं पहिलं 'चित्रपटाचं शहर' म्हणून ब्रॅडफर्डची निवड केली. त्या मुलांनी ते शहर आपलं म्हणून लिहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

शक्य झालं तर प्रत्येक ठिकाणी एक दिवस आधी पोच. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर बस, बाजारात फिर, लोकांचं बोलणं ऐक. न्यूकॅसलची दुकानदारीण तुला लाडानं 'पेट' म्हणेल, यॉर्कशायरमधली 'लव' म्हणेल. रेकॉर्डिंग करू नकोस, ते बरं नाही. संध्याकाळी आठवेल तेवढंच वहीत उतरव. जे लक्षात राहिलं तेच सकाळी वर्गात कामाला येतं.

आता एक व्यायाम देते, माझा सर्वांत आवडता. दोन माणसं स्वयंपाकघरात चहा करत आहेत. एकानं घर विकायचं ठरवलं आहे, दुसऱ्याला माहीत नाही. पाच पानांचा सीन, म्हणजे पडद्यावर साधारण पाच मिनिटं, आणि घर हा शब्द शेवटच्या पानापर्यंत येता कामा नये. इंग्लंडात या व्यायामाला जी धार येते ती मी इतरत्र पाहिलेली नाही. हवामान, बिस्किटं, शेजाऱ्याचं कुंपण यांवर बोलत राहून मुख्य गोष्ट टाळायची ही तिथल्या कितीतरी घरांतली रोजची रीत आहे. त्यांना ती शिकवावी लागत नाही, फक्त कागदावर आणू द्यायची. मग वाचन. लेखकानं स्वतःचं वाचायचं नाही, दुसऱ्या दोघांनी वाचायचं आणि लेखकानं ऐकायचं. कुठे अडखळलं, कुठे उगाच लांबलं, ते त्यालाच कळतं.

अभिप्राय घेताना सावध राहा. "इंटरेस्टिंग आहे" म्हणजे आवडलंच असं नाही, आणि "वाईट नाही" हे बरंचसं कौतुक असू शकतं. कोणी गप्प बसलं म्हणून कंटाळलं असं समजू नकोस. "कसं वाटलं?" असं मोघम विचारलंस तर सगळे सभ्यपणे छान म्हणतील. त्याऐवजी विचार: या क्षणी तिला काय हवं आहे? ते तुम्हाला कुठल्या ओळीला कळलं? कुठली ओळ काढली तरी चालेल? मग उत्तरं खरी येतात. आणि सफाईनं बोलणाऱ्या दोघा-तिघांना अख्खा वर्ग बळकावू देऊ नकोस. जोड्या तू पाड, त्यांच्यावर सोडू नकोस.

तुझ्या स्वतःच्या उच्चारांची काळजी करतेस हे मेलमधून जाणवलं. इंग्रजी उच्चार मुद्दाम घोटवू नकोस. सावकाश बोल, तेवढं पुरे. उलट एखाद्या मराठी चित्रपटातला दोन माणसांचा सीन सबटायटलांशिवाय दाखव आणि विचार: कोण कुणाचं देणं लागतं? कोण खोटं बोलतं आहे? शब्द कळत नसले की माणसं हात, नजर, बोलण्यातले थांबे बघायला लागतात. पटकथेतल्या कृतीच्या ओळी, म्हणजे माणसं काय करतात ते सांगणाऱ्या ओळी, कशा लिहायच्या हे त्यानंतर समजावणं फार सोपं जातं.

लंडनला मोकळा दिवस ठेव. साउथबँकला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची लायब्ररी आहे, सर्वांना मोफत खुली. तिथे बसून वाच. लंडनजवळच्या वॉल्टनला तुझं काही काम नसलं तरी तिथून एक वाट आपल्या घरापर्यंत येते हे लक्षात असू दे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले, 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, त्यांच्या ओळखीनं वॉल्टनला सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन परतले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. अनोळखी माणसाला स्टुडिओ उघडून दाखवणारे लोक तेव्हा तिथे भेटले. तुझ्या वर्गात येणाऱ्यांशी तू तशीच मोकळेपणानं वाग.

प्रवासाचं थोडक्यात. ट्रेनची 'अ‍ॅडव्हान्स' तिकिटं लवकर काढलीस तर बरीच स्वस्त पडतात, पण ती त्याच गाडीला चालतात, गाडी चुकली की गेली. तरुणांचं रेलकार्ड घे, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. रविवारी रुळांची कामं निघतात आणि मधला टप्पा बसनं करावा लागतो, म्हणून सोमवारी सकाळी दूरच्या गावी कार्यशाळा ठेवू नकोस. लंडनहून न्यूकॅसलची गाडी किंग्ज क्रॉसवरून, मँचेस्टरची यूस्टनवरून, ब्रिस्टलची पॅडिंग्टनवरून. मानधन घेणार आहेस, तेव्हा व्हिसाचा नियम सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाच. पाहुण्याच्या व्हिसावर मानधनाचं काम ठरावीक प्रकारचंच चालतं, ते निघण्याआधी ठरलेलं असावं लागतं आणि पोचल्यापासून ३० दिवसांत संपवावं लागतं. तुझ्या कार्यशाळा त्यात बसतात का, हे आयोजकांकडून लेखी घे. निमंत्रणपत्राची छापील प्रत हातातल्या बॅगेत असू दे.

ब्रिस्टलबद्दल आत्ता लिहीत नाही, तिथल्या गटात कोण येणार आहे ते आधी कळव. आराखडा नव्यानं करशील तेव्हा ब्रॅडफर्डपासून सुरुवात कर आणि तेवढाच मला पाठव. बाकीची गावं आपण फोनवर बोलू.

सस्नेह,
ताई