खासगी नोकरी सोडून राज्य शासनात लिपिक म्हणून रुजू व्हावे का? तेथील कामाची परिस्थिती आणि सोयी-सवलती कशा असतात?

आपण लिहिले आहे की आपले वय ३४ आहे, पुण्यात खासगी कंपनीत नोकरी आहे, लिपिक-टंकलेखक पदाच्या निवडयादीत नाव आले आहे आणि हाती येणारा पगार सध्याच्यापेक्षा कमी असल्यामुळे बाकीच्या सवलतींनी ही तूट भरून निघते का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. त्याच ओघात आपण ‘पेन्शन तर आता बंदच झाली आहे, म्हणून ती हिशेबात धरत नाही’ असेही लिहून गेला आहात. त्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो. मी एका जिल्हास्तरीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. इतरांच्या रजा, वेतनवाढी आणि सेवापुस्तके सांभाळणे हेच माझे काम आहे.

सवलतींची यादी कोणीही सांगेल, म्हणून ती लवकर संपवतो. आपली वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० ही असेल, त्यावर महागाई भत्ता आणि शहरानुसार घरभाडे भत्ता मिळेल. वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धवेतनी रजा आणि ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे रोखीकरण होते. पदोन्नती मिळाली नाही तरी १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे पदोन्नतीविना वरच्या वेतनश्रेणीचा, लाभ आहे. स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शन यांची प्रवास सवलत आहे, पण आमच्याकडे ती घेणारे थोडे आणि तिचा अर्ज कसा करायचा हे विचारणारे त्याहून थोडे. वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, परंतु बहुतेक वेळा आधी स्वतःच्या खिशातून रुग्णालयाचे देयक भागवावे लागते आणि मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रासह प्रस्ताव सादर करून वाट पाहावी लागते. त्यामुळे आपल्या कंपनीचा रोखरहित विमा सोडताना स्वतःचा वेगळा आरोग्य विमा उतरवून ठेवा. या एका बाबतीत खासगी नोकरी सरस आहे, हे मी आस्थापना शाखेत बसूनही मान्य करतो.

कामाची परिस्थिती म्हणाल, तर २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आणि सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ ही वेळ ठरलेली आहे. मात्र निम्म्या खुर्च्या रिकाम्या असलेल्या कार्यालयात एका माणसाकडे तीन टेबलांचा कार्यभार असतो आणि निवडणुकीच्या काळात शनिवार-रविवार ही संकल्पनाच उरत नाही. स्वच्छतागृहांविषयी न लिहिलेलेच बरे. विशेषतः महिला कर्मचाऱ्यांची तालुक्याच्या ठिकाणी जी कुचंबणा होते, तिच्यावर एकाही वेतन आयोगाने उपाय केलेला मला दिसलेला नाही.

आता पेन्शनकडे येतो. राज्य शासनाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी निर्णय काढला की १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त होणाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे कर्मचारी आणि शासन या दोघांनी दरमहा हिस्सा जमा करण्याची योजना, लागू राहील. तो १ नोव्हेंबर लक्ष्मीपूजनाचा दिवस होता, हा योगायोग आमच्या तुकडीतील कोणीही विसरलेले नाही. आमची जाहिरात त्याच वर्षी उन्हाळ्यात प्रसिद्ध झाली होती, लेखी परीक्षा पावसाळ्यात झाली आणि निवडयादी दिवाळीच्या आधी फलकावर लागली; पण कागदपत्र पडताळणी, चारित्र्य पडताळणी आणि एका स्वाक्षरीसाठी अडून राहिलेली संचिका यांत वेळ जाऊन नियुक्तीचे आदेश २००६ उजाडल्यावर निघाले. आमच्याच यादीतील ज्यांना दुसऱ्या विभागात ऑक्टोबरमध्येच आदेश मिळाले, ते जुन्या पेन्शनमध्ये गेले आणि आम्ही नव्या योजनेत. परीक्षा तीच, गुणवत्ता तीच, फरक फक्त जावक क्रमांकाच्या तारखेचा. ही गोष्ट मी पुढे वर्षानुवर्षे प्रत्येक बैठकीत, प्रत्येक निवेदनात मांडली आणि ‘तुमची केस कधीच होणार नाही’ हे उत्तर संघटनेतल्या वडीलधाऱ्यांकडूनही ऐकले.

१४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यभर संप झाला, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा आपणही ऐकली असेल. त्याच महिन्याच्या आरंभी केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची जाहिरात २२ डिसेंबर २००३ पूर्वीची होती त्यांना जुन्या योजनेचा विकल्प दिला होता, आणि अखेर २ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्यानेही तसाच निर्णय काढला: ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, त्यांना सहा महिन्यांच्या मुदतीत एकदाच विकल्प देता येईल.

निर्णय निघाला, परंतु जाहिरात कोठे होती? माझ्या नियुक्ती आदेशाच्या संदर्भात जाहिरातीचा क्रमांक होता, तारीख नव्हती. ज्या कार्यालयाने ती जाहिरात दिली होती, त्यांनी लेखी कळवले की सदर भरतीची संचिका अभिलेख वर्गीकरणानुसार नष्ट करण्यात आली असून जाहिरातीची प्रत उपलब्ध नाही. लेखाधिकाऱ्यांचे म्हणणे असे की तारीख सिद्ध झाल्याशिवाय प्रस्ताव पुढे पाठवता येणार नाही, आणि नियमाच्या दृष्टीने त्यांचे चुकत नव्हते. मग आम्ही तुकडीतले काही जण शहरातील जुन्या वाचनालयात गेलो, जेथे स्थानिक दैनिकांचे अंक महिनावार बांधून ठेवलेले आहेत. वाळवीने कडा खाल्लेल्या त्या बांधणीत, एका बँकेच्या लिलाव सूचनेखाली, आमची जाहिरात तारखेसह सापडली. ग्रंथपालांनी सही-शिक्क्याची सत्यप्रत दिली, एका सहकाऱ्याच्या आईने ट्रंकेत जपून ठेवलेले परीक्षेचे प्रवेशपत्र मिळाले, त्यावरही तोच जाहिरात क्रमांक होता, आणि प्रस्ताव मुदतीत दाखल झाला. आदेश निघाला, अंशदानाच्या खात्यातील माझा हिस्सा भविष्य निर्वाह निधीत वर्ग होण्याची प्रक्रिया सुरू झाली, शासनाचा हिस्सा शासनाकडे परत जाणार.

माझे साडू चाकणला एका कारखान्यात अधिकारी आहेत. त्यांचा पगार पहिल्यापासून माझ्या दीडपट, त्यांचे घर माझ्याआधी झाले, हे सर्व मान्य. लग्नकार्यात चारचौघांत मला ‘सरकारचे जावई’ म्हणण्याची त्यांना सवय आहे. हा आदेश निघाल्यावर त्यांनी सांगितले की शासनाचा जमा झालेला हिस्सा परत देऊन पेन्शनच्या भरवशावर बसणे हा निव्वळ अव्यवहार आहे, तीच रक्कम बाजारात राहिली असती तर कोठच्या कोठे गेली असती. त्यांना मी तेव्हा उत्तर दिले नाही, येथे देतो. आमचे दोघांचे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले प्राथमिक शिक्षक. ज्या वर्षी साडूंच्या पहिल्या कंपनीने त्यांचा विभागच बंद केला, त्या वर्षी त्यांच्या मुलाचे महाविद्यालयाचे शुल्क सासऱ्यांच्या पेन्शनमधून भरले गेले. बाजार त्या वर्षीही होताच. महागाई भत्त्यासह मरेपर्यंत मिळणारी आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला कुटुंबनिवृत्तिवेतन देणारी रक्कम बाजारात विकत घ्यायला गेल्यास तिची किंमत काय पडते, हे त्यांनी एकदा विमा कंपनीला विचारून पाहावे.

आपल्याला मात्र माझी जुनी पेन्शन मिळणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही ‘पेन्शन बंद’ हे म्हणणे चुकीचे आहे. परिभाषित अंशदान योजनेचेच पुढचे रूप असलेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आपल्या मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के आपण आणि १४ टक्के शासन भरते; आपली सध्याची कंपनी इतके भरते का, ते वेतनपत्रकात पाहा. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयानंतर या योजनेतील कर्मचाऱ्यालाही उपदान (ग्रॅच्युइटी) आणि सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंबाला निवृत्तिवेतन आहे. त्यापूर्वी गेलेल्या सहकाऱ्यांच्या घरी मी प्रस्ताव घेऊन गेलो आहे, म्हणून या एका निर्णयाचे मोल मला ठाऊक आहे. याशिवाय केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना १ एप्रिल २०२५ पासून सुरू झाली असून ऑगस्ट २०२४ मध्येच आपल्या राज्य मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली आहे. केंद्राच्या त्या योजनेत २५ वर्षांची सेवा झाल्यास शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, आणि किमान १० वर्षे सेवेला महिना १०,००० रुपये अशी हमी आहे. राज्यात लिपिक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. आपण आज रुजू झालात तर सेवा २४ वर्षांची होईल, म्हणजे त्या सूत्राने पूर्ण निम्म्याऐवजी प्रमाणात मिळेल. राज्यातील विकल्पांच्या अटी राज्याच्या शासन निर्णयात असतात, तो रुजू होण्यापूर्वी मुळातून वाचा, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

माझे मत विचाराल तर या. आपला पगार पहिली काही वर्षे कमी वाटेल, पत्नी किंवा घरातील अन्य कोणी कमावते नसेल तर पुण्यात ओढाताणही होईल, आणि काम करणाऱ्यालाच आणखी काम मिळते ही आमच्याकडची रीत आपल्याला लवकरच कळेल. परंतु रुजू झालात तर पहिल्या आठवड्यातच जाहिरात, प्रवेशपत्र, निवडयादी आणि आदेश यांच्या प्रती स्वतःच्या घरी ठेवा, सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या आणि दरवर्षी तिच्यात नोंदी करून घ्या. आस्थापना शाखेचा लिपिक त्यासाठी टाळाटाळ करील; तरी पिच्छा सोडू नका.

हे सर्व नियमित, मंजूर पदाला लागू आहे. आपले पद कंत्राटी किंवा बाह्य संस्थेमार्फत भरलेले असेल, तर वर लिहिलेल्यापैकी जवळजवळ काहीही आपल्याला मिळणार नाही आणि तेव्हा माझा सल्ला सरळ उलटा आहे: पुण्यातली नोकरी सोडू नका. पद नियमित असले तरीही राजीनामा नियुक्ती आदेश हातात पडल्यावरच द्या. निवडयादी आणि आदेश यांच्यामध्ये किती वेळ जाऊ शकतो, ते वर सांगितलेच आहे.