दिवाणी की फौजदारी? आधी मामांचा करार उघड

प्रश्न: मी पुण्यात लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. मामांनी वाघोलीच्या प्लॉटसाठी साडेचार लाख इसार दिला, पण समोरचा खरेदीखत करून देत नाही. पोलीस म्हणाले, "मॅटर दिवाणी आहे." दोन्हींत नेमका फरक काय आणि मी प्रॅक्टिस कशात करावी?

उत्तर: इसार घेतानाच फसवायचा इरादा होता का, यावर सगळं ठरतं. तोच प्लॉट आधी दुसऱ्याला विकलेला असेल, तर फसवणुकीचा गुन्हा दिसतो. व्यवहार खरा होता, पण पुढे भाव चढले आणि नियत फिरली, तर तो करारभंग. तिथे पोलिसांचं बरोबर आहे.

गुन्हा दाखल झाला तरी खटला सरकार चालवतं, मामा फिर्यादी म्हणून साक्ष देतात. आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो आणि आरोपीला शिक्षा झाली म्हणून प्लॉट मामांच्या नावावर होत नाही. त्यासाठी स्पेसिफिक परफॉर्मन्सचा, म्हणजे करार प्रत्यक्ष पूर्ण करून घेण्याचा दिवाणी दावाच लागतो. तिथे कोणाची बाजू जास्त संभवनीय, एवढं पाहतात. पण उरलेली रक्कम द्यायला आपण कायम तयार होतो, हे वादीने सिद्ध करावं लागतं. म्हणून त्या काळातला बँकेचा उतारा जपायचा, पाठवलेली नोटीसही.

आता प्रॅक्टिसचं. फौजदारीत दिवस मोजावे लागतात: आरोपी कोठडीत असताना गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो. पुढचं बरंचसं काम उलटतपासणीचं, पोलिसांसमोरचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांतली तफावत दाखवण्याचं. दिवाणीत खरी मेहनत ड्राफ्टिंगची. दाव्यात जे लिहिलंच नाही, त्याचा पुरावा नंतर देता येत नाही. ज्युनिअर इथेच चुकतात. निकालानंतर पुन्हा दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज असतो, तेव्हा चिकाटी हवी.

माझं स्पष्ट मत: इतक्यात निवडू नकोस. शिवाजीनगर कोर्टात दोन्ही कामं करणारा सीनिअर शोध आणि तीन वर्षं त्यांच्याकडे राहा. चेक बाउन्सच्या केसेस आवर्जून घे: वाद पैशाचा, पण खटला फौजदारी. चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, मग महिन्याभरात तक्रार. न्यायाधीश व्हायचं असेल तर कनिष्ठ स्तरावर एकच व्यक्ती दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असते. त्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा घातली.

आणि आजच मामांच्या करारातली खरेदीखताची तारीख बघ. दाव्याची मुदत तिथून तीन वर्षं. तारीख नसेल तर नकार कळल्यापासून. चौकीत अर्ज देऊन ही मुदत थांबत नाही.