अमेरिकेत राज्याच्या अपील न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं का?

येतं, पण अगदी क्वचित. ठळक उदाहरण म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर.

१९५२ मध्ये स्टॅनफर्डमधून कायद्याची पदवी घेतली, तीही वरच्या क्रमांकाने. तरी बाईला वकील म्हणून घ्यायला कुठलीही फर्म तयार नव्हती. एका ठिकाणी सेक्रेटरीची नोकरी देऊ केली! शेवटी कॅलिफोर्नियात एका काउंटीच्या सरकारी वकिलाकडे त्यांनी सुरुवातीला बिनपगारी काम केलं. पुढे ॲरिझोनात सहायक ॲटर्नी जनरल, मग राज्याच्या सिनेटमध्ये बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्या. १९७५ पासून त्या मॅरिकोपा काउंटीच्या सुपिरियर कोर्टात (म्हणजे खटले चालवणाऱ्या खालच्या कोर्टात) न्यायाधीश होत्या. ती जागा निवडणूक लढवून मिळवलेली, हे आपल्याकडे ऐकायलाच विचित्र वाटतं.

१९७९ मध्ये गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी त्यांना ॲरिझोनाच्या अपील न्यायालयात नेमलं. बॅबिट डेमोक्रॅट, त्या रिपब्लिकन. हे न्यायालय साक्षीपुरावे नव्याने घेत नाही. तीन न्यायाधीशांचं पीठ खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड वाचतं आणि कायदा नीट लावला का, ते तपासतं. प्रसिद्धी शून्य, वाचन भरपूर.

तिथे दोन वर्षंही पुरी झाली नव्हती, तोच १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांची निवड केली. अमेरिकेच्या सिनेटने ९९-० मतांनी मंजुरी दिली आणि त्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. २००६ पर्यंत त्या तिथे होत्या.

माझ्या मते त्यांना अपील न्यायालयापेक्षा विधिमंडळाचा अनुभव जास्त कामी आला. आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी कायद्याच्या पदवीचीही अट नाही.