गरोदरपणात डोकं दुखतंय म्हणून हेगू दाबू नका

पाचवा महिना चालू आहे, डोकं ठणकतंय, गोळी घ्यायची भीती वाटते आणि शेजारच्या काकूंनी अंगठ्याजवळचा हेगू हा ॲक्युप्रेशरचा बिंदू दाबायला सांगितलाय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून जीव कासावीस झाला. सिंगापूरला असताना माझी हीच गत होती.

बिंदू कुठे असतो ते सांगत बसत नाही. आत्ता तो शोधूच नका. दातदुखी, डोकेदुखीवर चिनी वैद्य सर्रास हेगू वापरतात, पण गरोदर बाईला तिथे सुई टोचायची नाही हा त्यांचाच जुना नियम आहे. पाचव्या शतकातल्या श्यू वेन्-पो या वैद्याने हेगू आणि घोट्यावरचा सान्यिनजाओ टोचून गर्भ पाडल्याची कथा त्यांच्याकडे सांगतात. कळा सुरू व्हाव्यात म्हणून आजही याच दोन बिंदूंचा उपयोग करतात.

मी गेले त्या दवाखान्यात फॉर्मवर गरोदर असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. तो कोणी वाचलाच नाही! दोन्ही हातांच्या हेगूत सुया. पुढच्या खेपेला दुसऱ्या वैद्यबाईंनी फॉर्म पाहिला आणि त्या एकदम थांबल्या, तेव्हा मला कळलं. तक्रार केली, तर 'नोंदींत काही गैर आढळले नाही' एवढंच उत्तर. अहो, फॉर्म तुमच्याच फायलीत आहे ना? बाळ सुखरूप झालं, पण तोवरचे सगळे महिने मी धास्तीत काढले. त्याचा राग अजून जात नाही. सिंगापूरला चिनी वैद्यांना २००० च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. ती जरूर बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. सुई लागण्याआधी तोंडाने सांगा.

मी डॉक्टर नाही. एक-दोनदा दाबून झालं असेल तर घाबरून जाऊ नका, नुसत्या दाबण्याने गर्भपात होतो असं सिद्ध झालेलं नाही. माझं मत एवढंच की विषाची परीक्षा कशाला? मळमळ असेल तर मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूचा नेइग्वान दाबतात. मला त्याने बरं वाटायचं.

आणि काकूंनी हे सांगितलं नसेल: विसाव्या आठवड्यानंतर डोकं जोरात दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, चेहरा-हात सुजणं ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असू शकतात. त्यावर कुठलाही बिंदू उपयोगाचा नाही. गोळी कोणती चालेल तेही तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आजच बीपी मोजून घ्या आणि किती आलं ते इथे कळवा.